आजोबांची केपाची, माझी चकमकीची: पहिले १५ बार आणि काही प्रश्न

माणगावची (१ डिसेंबर, रात्री ९:४०)

दिवाळी झाली, हरणांनी परसातला भोपळ्याचा शेवटचा वेल फस्त केला आणि मी अखेर बंदूक घेतली. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची.

मी पेनसिल्व्हेनियात, लीहाय खोऱ्यात राहते. शेजारचे काका ७८ वर्षांचे. खांद्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी बार काढायला बंदी केली, तेव्हा त्यांनी ही विकायला काढली. ३०० डॉलर आणि चकल्यांचा एक डबा. डब्याची अट त्यांची, माझी नव्हे.

आधी वस्तू कशी आहे ते सांगते. इटालियन बनावट, हॉकेन नावाच्या जुन्या अमेरिकन रायफलीची धाटणी, .५० कॅलिबर. नळी २८ इंची, आठकोनी, आत आटे (गोळीला फिरवणाऱ्या खाचा): ४८ इंचांत एक वेढा. वजन साडेआठ पौंड, पण भार सगळा पुढे, त्यामुळे उभ्याने नेम धरला की टोकाची माशी (नेम धरायची खूण) लक्ष्याभोवती मधमाशीसारखी घिरट्या घालते. दस्ता अक्रोडाचा. गाल टेकतो तिथे काकांच्या इतक्या वर्षांच्या दाढीने घासून काळपट, गुळगुळीत झालाय. उजव्या अंगाला पितळेची डबी आहे. उघडली तर आत एक झिजलेली चकमक आणि पेपरमिंटची गोळी निघाली.

चाप दोन. मागचा ओढून ठेवला की पुढचा इतका हलका होतो की फुंकर मारली तरी सुटेल. काकांनी हे दोनदा सांगितलं होतं. तरी माझा पहिला बार मी नेम धरायच्या आतच गेला. नळी मातीच्या बांधाकडे होती म्हणून नुसत्या अब्रूवर भागलं.

चकमकीचीच का, असं नवऱ्यानेही विचारलं. आमच्या राज्यात ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, हरणांचा एक वेगळा हंगाम सुरू होतो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत. त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते, म्हणजे चकमक पोलादावर आपटून पडलेल्या ठिणगीने दारू पेटवणारी. केपाचीसुद्धा (घोडा आपटल्यावर पेटणाऱ्या छोट्या टोपीची) नाही. १९७४ पासूनची ही प्रथा. इथल्या लोकांना तिचा अभिमान आहे आणि तो बरोबरही आहे, कारण अमेरिकेतली लांब नळीची रायफल मुळात इथल्या लँकेस्टर भागातल्या जर्मन कारागिरांनी १८व्या शतकात घडवली. पुढे नाव मात्र केंटकीचं पडलं. कष्ट एकाचे, नाव दुसऱ्याचं. नाझरेथजवळ जेकब्सबर्गला या रायफलींचं छोटं संग्रहालय आहे. तिथे दोनदा जाऊन आले आणि दुसऱ्यांदा परत येतानाच बहुधा माझं ठरलं असावं.

पण खरं कारण आजोबा. आमच्याकडे कोकणात, माणगाव खोऱ्यात शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. केपाची, आतून गुळगुळीत, छऱ्यांची. आजोबा शिंगातून दारू मापात ओतायचे, वर नारळाच्या सोडणाचा बोळा, मग छरे, पुन्हा बोळा. गजाने ठासताना मोजायचे. गज शेवटी आतून उसळून हातभर वर आला की म्हणायचे, "बसला." माकडांच्या अंगावर कधी बार काढला नाही, माडाच्या वरून आभाळात काढायचे. आम्हा मुलींना फक्त गज धरायला मिळायचा. भावाला एकदा चाप ओढायला मिळाला. ते मी अजून विसरलेले नाही.

आता मूळ मुद्दा. काल क्लबच्या मैदानावर १५ बार ठासले. हिशेब असा: ९ नीट गेले. ४ वेळा वरच्या वाटीतली (जिथे ठिणगी पडते ती) दारू भस्सकन पेटली, डोळ्यांसमोर पांढरा भपका, आणि आत काहीच नाही. एकदा भपका झाला, मी "गेलं वाया" म्हणेपर्यंत मागाहून बार झाला. आणि एकदा... सांगायला लाज वाटते. बाजूच्या माणसाने कढीपत्ता थंडीत कसा जगवायचा ते विचारलं (त्याची सून चेन्नईची), मी उत्साहाने सांगत बसले आणि दारू न घालताच गोळी ठासली. त्याच माणसाने मग सोडवलं. कानाच्या, म्हणजे वाटीतून नळीत जाणाऱ्या, बारीक भोकातून चिमटी चिमटी बारीक दारू टाचणीने आत सरकवली, गोळी गजाने पुन्हा तळाला बसवली आणि मला म्हणाला, ओढ. फुसकन आवाज झाला आणि गोळी १० पावलांवर गवतात पडली. सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या.

२५ यार्डांवर ९ गोळ्या ९ इंचांच्या वर्तुळात. म्हणजे हरणाला नाही, हरणाच्या गावाला लागेल.

माझं साहित्य: .४९० ची शिशाची गोल गोळी. दारू दोन एफ, ७० ग्रेन, मापाने. वाटीत चार एफ (जितके एफ जास्त तितकी दारू बारीक). गोळीभोवतीच्या चिंधीला गेल्या खेपेस गावाहून आणलेला मांजरपाट, वर खोबरेल तेल. झाडलेल्या चिंध्या मैदानावरून वेचून आणल्यात. मधोमध भोक आणि कडा जळालेल्या, होळीतून काढल्यासारख्या. मी कारखान्याच्या तपासणी विभागात काम करते, त्यामुळे मांजरपाट मायक्रोमीटरखाली धरला: ०.०११ इंच.

घरी येऊन कढत पाण्याने नळी धुतली. अंगठ्याएवढं काळं पाणी येईल असं वाटलं होतं, बादली भरली. बाथरूममध्ये सडक्या अंड्यांचा वास दोन दिवस राहणार अशी नवऱ्याची तक्रार आहे. मला तो वास आला आणि मी टबच्या काठावर तशीच बसून राहिले. आजोबांच्या पडवीचा वास.

तर दोष कुणाचा? बंदुकीचा, चकमकीचा, मांजरपाटाचा की माझा? भपका आणि बार यांच्यामध्ये जे "भस्स... धाड" होतं ते असंच असतं का? त्या मधल्या क्षणात माझे डोळे मिटतात. हंगामाला २५ दिवस आहेत.

बर्क्सकर (१ डिसेंबर, रात्री ११:१५)

ताई, अभिनंदन. मी १२ वर्षं चकमकीचीच वापरतोय, त्यामुळे तुमच्या सगळ्या चुका माझ्या आधी करून झालेल्या आहेत. दारूविना गोळी ठासण्यासकट, आणि तीही ऐन जंगलात, समोर हरीण उभं असताना.

"भस्स... धाड" असं नसतं. नीट लागलेली चकमकीची बंदूक "फ्टाक्" अशी एकच वाजते, दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत. येत असतील तर वाटीत दारू जास्त होते आहे. सगळ्यांना वाटतं जास्त घातली की बरं. उलट आहे. दारू भोकावर चढली की भोकातली दारू वातीसारखी जळत आत जाते, त्यात वेळ जातो. ज्वाळेने भोकातून उडी मारायला हवी. वाटी तिसरा हिस्सा भरा, रायफल किंचित बाहेरच्या बाजूला कलवून टिचकी मारा म्हणजे दारू भोकापासून लांब सरकेल.

चार वेळा बार झालाच नाही, त्यातले पहिल्यापहिल्यांदाचे किती? माझा अंदाज, निम्मे तरी. काकांनी ठेवताना नळीत तेल सोडलं असणार, ते तळाशी कानापाशी साचतं आणि पहिली दारू भिजवतं. दारू घालण्याआधी अल्कोहोलची चिंधी आतून दोनदा फिरवा, कोरडी एकदा, मग भोकात टाचणी. टाचणी दर बाराला. भोक किती मोठं आहे ते ड्रिलच्या मागच्या टोकाने बघा, १/१६ इंच हवं. कमी असेल तर मला सांगा, स्वतः मोठं करायला जाऊ नका, मोठं झालेलं भोक लहान होत नाही.

चकमक कोणती आहे? डबीतली असेल तर टाकून द्या. पेपरमिंटची गोळीही. इंग्लंडच्या ब्रँडनची काळी, हाताने फोडलेली चकमक मागवा. कातड्याच्या तुकड्यात गुंडाळून घोड्याच्या (चापाने सुटणाऱ्या हातोडीच्या) जबड्यात घट्ट पकडा. धार वाटीवरच्या पोलादी झाकणावर वरच्या तिसऱ्या भागात आपटली पाहिजे, अख्खी कड एकाच वेळी. लागत नसेल तर चकमक उलटी करून बघा, उताराची बाजू वर की खाली हे प्रत्येक बंदुकीचं वेगळं असतं.

आणि मांजरपाट! ०.०११? ताई, तुम्ही गोळीला मलमल नेसवताय. त्या चिंधीने आटे धरून गोळीला फिरवायचं असतं आणि मागची ज्वाळा अडवायची असते. ती मध्येच जळली म्हणजे गोळी फिरलीच नाही, नुसती गेली. गादी-उशीच्या अभ्ऱ्याचं दाट पट्ट्यापट्ट्यांचं कापड घ्या, ०.०१८ च्या आसपास. आधी धुऊन खळ काढा. खोबरेल वाईट नाही, पण २४ अंशांखाली थिजतं आणि आपण २६ डिसेंबरला कोकणात नसणार. शिवाय जास्त झालं की दारूत उतरतं. मी मेण आणि बकऱ्याची चरबी एकत्र वितळवून डबीत भरून ठेवतो.

डोळे मिटण्यावर औषध एकच: चकमकीच्या जागी लाकडाची चिप लावून, नळी रिकामी असल्याची खात्री करून, रोज रात्री ३० वेळा चाप ओढायचा.

एक गोष्ट मात्र रागावून सांगतो. बार झाला नाही तर नळी बांधाकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबायचं. तुमचा तो मागाहून झालेला बार आठवा आणि त्या वेळी तुम्ही नळी फिरवली असती तर काय, याचाही विचार करा.

कुडाळचो_झील (२ डिसेंबर, सकाळी ७:०५)

गो बाय, माणगावचा चेडू अमेरिकेत जावन ठासणीची घेता म्हणजे आज्याचा नाव काढलंस!

आमची अजून घरात आसा. म्हणजे कागदावर घरात. इलेक्शन इला की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करूची. लोकसभा झाली, विधानसभा इली, मगे झेडपी. म्हयने म्हयने बंदूक थयच पडान रवता आणि हकडे माकडां माडार चढान अडसरां खाली टाकतत. माकडांका आचारसंहिता कळता असा माका वाटाक लागला हा.

तुझ्या आज्याचा ता "बसला" माका बरोब्बर ऐकू इला. आमचो आजो पण असोच. गज उसळान वर येय ना तवसर तो कोणाक बाजूक उभो करी ना.

एक सांग, थय हरणाची सागोती करतत ती वाटपाची की तशीच भाजून खातत? तशीच असात तर तुझो काय उपयोग थय.

मोडीवाचक (२ डिसेंबर, सकाळी १०:३०)

धाग्यातल्या एका गोष्टीने मला झोप लागू दिली नाही. "वरची वाटी", "वाटीतली दारू", हे काय? या दारूला आपल्याकडे नेटकं नाव आहे: रंजक. तोफेच्या किंवा बंदुकीच्या कानावर पेटवायला घालतात ती बारीक दारू. आणि बाईंनी एके ठिकाणी सहज "कानाच्या बारीक भोकातून" असं लिहून टाकलंय, ते आजोबांकडून आलेलं दिसतं. तो कानच. शत्रूच्या तोफा नेता येत नसल्या की त्यांच्या कानात खिळे ठोकून निकामी करत, तोच हा कान. तेव्हा तुमच्या चार फसलेल्या बारांचं मराठी असं: रंजक उडाली, बार झाला नाही.

त्याआधीची तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे पेटती सुताची वात. पावसाळ्यात तिची काय अवस्था होत असेल ते कोकणवासीयांनी सांगावं. चकमक आली आणि निदान जळती दोरी हातात घेऊन दारूच्या पिशवीशेजारी उभं राहायची पाळी गेली.

दारूचं प्रमाण मात्र ज्याला त्याला पाठ आहे: सोरा ७५, कोळसा १५, गंधक १०. बाथरूममधला वास त्या शेवटच्या दहांचा.

सध्या_शाकाहारी (२ डिसेंबर, दुपारी १:२०)

सगळं वाचलं, भाषा छान आहे, पण एक प्रश्न कुणीच विचारत नाहीये. भोपळ्याचा वेल खाल्ला म्हणून हरणाला गोळी? कुंपण घाला की.

जर्सीतला_नवखा (२ डिसेंबर, दुपारी ४:४५)

मी एच-वन-बी वर आहे. आम्हाला बंदूक ठेवता येते का? ऐकलं की ठासणीची असेल तर कुठलाच कागद लागत नाही. मग उद्याच घ्यावी म्हणतो.

बर्क्सकर (२ डिसेंबर, रात्री ८:००)

नवखे, उद्या घेऊ नका. केंद्रीय कायद्यात, म्हणजे १९६८ च्या बंदूक कायद्यात, १८९८ पर्यंतच्या बंदुका आणि तयार काडतूस न चालणाऱ्या ठासणीच्या बंदुका "पुरातन" धरल्या आहेत, त्या त्याच्या व्याख्येतल्या बंदुकीत येत नाहीत. पण नळी बदलून काडतुसाची करता येते अशी आधुनिक ठासणीची असेल तर ती सूट जाते. आणि हे झालं केंद्राचं. राज्याराज्याचे नियम वेगळे, त्यात तुमची न्यू जर्सी फार कडक, तिथे ठासणीचीलाही ओळखपत्र लागतं. तुमचा व्हिसा आहे, नोकरी आहे. वकिलाला विचारा, धाग्याला नव्हे.

आणि शिकारीला बंदुकीपेक्षा आधी कोर्स लागतो. पेनसिल्व्हेनियात पहिलं लायसन्स काढण्याआधी शिकार-प्रशिक्षणाचा वर्ग सक्तीचा आहे, वर ठासणीच्या हंगामाचं वेगळं लायसन्स.

माणगावची (३ डिसेंबर, रात्री १०:१०)

बर्क्सकर, रागावलात ते बरं केलंत. नळी फिरवली नव्हती, पण खाली घ्यायच्या बेतात होते. हे इथे कबूल करते, घरी केलेलं नाही.

कान मोजला. १/१६ चं ड्रिल शिरतच नाही. पण टाचणी फिरवली तर आतून तपकिरी, डिंकासारखं काहीतरी निघालं. थिजलेलं तेल. ते काढल्यावर ड्रिल अलगद आत गेलं. म्हणजे बंदूक बहिरी होती, मुकी नव्हती. चकमक डबीतलीच लावली होती, हो. काकांना फोन केला तर म्हणाले, "ती मी नमुना म्हणून ठेवलेली, पाच-सहा वर्षांपूर्वीच संपली होती." नमुना कशाचा ते विचारायची हिंमत झाली नाही. पेपरमिंट मी खाल्लं.

मोडीवाचक, "रंजक" हा शब्द आजोबांच्या तोंडी ऐकलेला नाही, त्यांच्या बंदुकीला केप होती. पण "कान साफ कर" हे ते रोज म्हणायचे. मला इतकी वर्षं वाटायचं की ते मला उद्देशून आहे.

सध्या_शाकाहारी, कुंपण आहे. सहा फूट. इथली पांढऱ्या शेपटीची हरणं ते धावत न येता, उभ्याउभ्या ओलांडतात आणि पलीकडे जाऊन मागे वळून बघतात. पण तुमचा प्रश्न भोपळ्याचा नाही हे मला कळतं. मी मांसाहारी घरातली आहे, दुकानातल्या ट्रेमधलं मटण मी कधी प्रश्न न विचारता उचलते. इथे निदान सगळं माझ्या हाताने आणि माझ्या डोळ्यांसमोर होईल. जमेल का, ठाऊक नाही. जमलं नाही तर तेही लिहीन. तुमच्या "सध्या" बद्दल मात्र कुतूहल आहे.

झिला, वाटपाचीच! सुक्या खोबऱ्याचं वाटप आणि मालवणी मसाला फ्रीजरमध्ये तयार आसा. हरणाचा पत्तो नाय.

माणगावची (१५ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०)

मैदान, दुसरी खेप. गादीच्या पट्ट्यांचं कापड ०.०१८ निघालं, दोनदा धुतलं. चरबी काही मिळाली नाही, मेण आणि ऑलिव्ह तेल घोटून लावलं. नवी काळी चकमक, उताराची बाजू खाली. वर लावली तर ठिणग्या वाटीच्या बाहेरच पडत होत्या. रंजक तिसरा हिस्सा.

पहिली गोष्ट म्हणजे गोळी आत जाईना. आधी अंगठ्याने ढकलली की बसायची, आता लाकडी ठोकणीने वर एक ठोसा द्यावा लागतो, मग गज. आणि गजावर आता दोन खुणा कोरल्यात: रिकामी नळी इथपर्यंत, भरलेली इथपर्यंत. कढीपत्त्याबद्दल कुणीही काहीही विचारो.

१३ बार. १२ गेले. जो गेला नाही तो टाचणी फिरवायची विसरले तो. आवाज एकच, "फ्टाक्". खरंच एकच. वेचलेल्या चिंध्या मधोमध काळ्या पण अखंड, परत धुऊन वापरता येतील इतक्या. २५ यार्डांवर तीन भोकं एकमेकांना चिकटून. ५० यार्डांवर शेवटच्या पाच गोळ्या ४ इंचांत. धूर सरेपर्यंत कळत नाही की लागली की नाही, बाजूला वाकून बघावं लागतं, आणि प्रत्येक वेळी बघताना पोटात गोळा येतो. लाकडाची चिप लावून नवऱ्यासमोर रोज ३० वेळा चाप ओढलाय. आता तो डोळे मिटतो, मी नाही.

५० यार्डांपलीकडे बार काढायचा नाही असं ठरवलंय. गोल गोळी हवेत फार लवकर दम सोडते.

बर्क्सकर (१५ डिसेंबर, रात्री ९:००)

४ इंच? मला पहिल्या वर्षी एवढे आले नव्हते. ७० वरून ८० ग्रेनवर एकदा जाऊन बघा, पण फक्त मैदानावर, आणि पाच-पाच ग्रेन वाढवत.

गाडीत बसताना पॅनमधली (वाटीतली) रंजक काढून टाका. इथे चकमकीची बंदूक रंजक काढली की रिकामी धरतात. आत गोळी असली तरी. तरीसुद्धा घरात आणू नका तशी, संध्याकाळी बांधावर उडवूनच परत या.

माणगावची (३० डिसेंबर, रात्री ८:२०)

सांगते.

परवा पहाटे चार इंच बर्फ पडला आणि मग थांबून थांबून भुरभुरत राहिला. काकांच्या मेहुण्याच्या जमिनीवर, ओकच्या उतारावर पडलेल्या एका खोडाला टेकून बसले. काका गाडीत कॉफी घेऊन. त्यांचं म्हणणं, एवढं तर डॉक्टर करू देतील. रायफल मांडीवर आडवी, पोलादी झाकण बंद, वर हातमोजा झाकलेला.

साडेआठला मादी आली. एकटी. बर्फात हरीण चालतं त्याचा आवाज येत नाही हे मला माहीत नव्हतं. मान वर केली तेव्हा ती ३५ पावलांवर होती, माझ्याकडे आडवी, एका झुडपाची साल खात. तिच्या पाठीवर बर्फ साचला होता आणि तो वितळत नव्हता. मी हातमोजा काढला, घोडा मागे घेतला, मागचा चाप ओढला. ती "टिक" तिला ऐकू गेली. डोकं वर. कान दोन्ही माझ्याकडे. माशी खांद्यामागे बसली, घिरट्या नाहीत, काही नाही. मी पुढच्या चापाला बोट लावलं.

चक्.

ठिणग्या पडल्या, मी पाहिल्या. रंजक मात्र तशीच. हातमोज्याखालच्या ऊबेने बर्फ वितळून झाकणाच्या फटीतून आत गेला होता, दारूची काळी पेज झाली होती. मादी तीन उड्या दूर गेली, थांबली, वळून बघितलं (कुंपणावरून बघतात तसंच), आणि पांढरी शेपटी उभारून उतरणीला लागली.

मी नळी तिकडेच धरून बसले आणि ६० पर्यंत मोजलं. मग हात कापायला लागले, त्याआधी नाही. काकांना सांगितलं तर ते इतके हसले की कॉफी सांडली. म्हणाले, "आता तू पेनसिल्व्हेनियाची झालीस."

मनात काय आलं विचाराल तर वाईट वाटलं आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं. त्यातलं जास्त काय होतं हे शनिवारी परत गेल्यावर कळेल. हंगाम अजून आहे.

मोडीवाचक, तोड्याच्या बंदुकीची पावसात काय अवस्था होत असेल ते आता कोकणवासीयांतर्फे मी सांगू शकते.

कुडाळचो_झील (३१ डिसेंबर, सकाळी ६:५०)

मसालो फ्रीजरात ऱ्हांवदे. खराब होवचो नाय.

आमचो आजो पावसात केपेवर मेण लावी. तुझ्या त्या चकमकीक काय करतलंस?

बर्क्सकर (३१ डिसेंबर, सकाळी ९:३०)

हातमोजा नाही चालत, तो पाणी पितो. जुने लोक कातड्याची खोळ शिवत आणि मेण-चरबी चोपडून घोडा, पॅन सगळं झाकेल अशी वरून बांधत. इथे तिला गाईचा गुडघा म्हणतात. नेम धरायच्या वेळी एका झटक्यात ओढून काढायची. शिवाय रंजक दर अर्ध्या तासाला बदला, ओली असो नसो. आणि झाकणाच्या कडेला बोटाने मेणाची बारीक रेघ ओढा.

कातडं मऊ हवं आणि चांगलं मुरलेलं.

माणगावची (३१ डिसेंबर, सकाळी ९:५५)

घरात मुरलेलं कातडं म्हणजे एकच, लग्नातली कोल्हापुरी. बावीस वर्षं मुरली आहे. चालेल?

बर्क्सकर (३१ डिसेंबर, सकाळी १०:०२)

पट्ट्याचं घ्या. टाचेचं नको, कडक असतं.